पट्टा बदललाच नव्हता

दिमोना, २ जुलै २०१८

एफ्राइम,

फोन उचलायचा नाही असं तू ठरवलं असशील, तर मी कागदावर लिहीन. पाकीट परत पाठवायचं तर तुला पोस्टात रांगेत उभं राहावं लागेल, आणि रांग तुला लहानपणापासून सोसत नाही. तेव्हा पत्र तू ठेवून घेशील याची मला खात्री आहे. मराठीत लिहिते आहे, कारण तुझ्या बायकोला, नोगाला, ते वाचता येत नाही. आपल्या दोघांतलं आपल्यातच राहू दे.

आईला माती दिली त्या संध्याकाळी तू सुतकाच्या बुटक्या स्टुलावर बसला होतास. मी दारात उभी होते, घामाने निथळत होते, पायात बसस्टँडची धूळ. आणि तू भरल्या घरासमोर म्हणालास, "आलीस? तुला यायचंच नव्हतं, ताई. यायचं असतं तर चालत आली असतीस." चाळीस माणसं होती, मी मोजली. अश्दोदमधले आपले निम्मे मराठी लोक तिथे होते. आईच्या वयाच्या बायकांनी माना खाली घातल्या. मी सात दिवस तुझ्या घरी बसायला आले होते, अर्ध्या तासात उलट्या पावली परतले.

आता ऐक, काय झालं ते. त्या दिवशी तू विचारलंच नाहीस. सकाळी साडेसहाला नोगाचा फोन आला. आई गेली, बाराला माती, एवढंच ती बोलली. मी कपडे बदलले, गाडी काढली. बेर शेवाच्या अलीकडे 'उंटांपासून सावध' अशी पाटी आहे ना, तिथे इंजिनातून खाडकन आवाज आला आणि गाडी बसली ती बसलीच. जून महिना, डोक्यावर ऊन, जवळ अर्धी बाटली पाणी. गाडी ओढून न्यायला ट्रक आला, मग बस, मग दुसरी बस. पोचले तेव्हा चार वाजले होते.

ट्रकवाल्याने गाडी बेर शेवाच्या एका गॅरेजात टाकली. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने इंजिन उघडून तुटलेला पट्टा माझ्या हातात ठेवला. इंजिनाच्या आत एक पट्टा असतो, तो तुटला की सगळं इंजिनच आतल्या आत ठेचलं जातं. त्या पट्ट्यावर २०१० चा शिक्का होता. आणि माझ्याकडे प्रोस्पेर एलहरारच्या गॅरेजचं बिल आहे, यंदाच्या पेसाखच्या सणाच्या आदल्या दिवसाचं. त्यावर लिहिलंय, "नवा पट्टा बसवला." खाली त्याची सही.

समजलं? पट्टा बदललाच नव्हता. त्या माणसाने मला फसवलं आणि त्याच्यामुळे मी माझ्या आईला मूठभर माती देऊ शकले नाही. मी त्याला सोडणार नाही. कोर्टात खेचून नेईन, शिक्का मारलेला कागद आणीन आणि तो कागद तुझ्यापुढे ठेवीन. मग तू त्या चाळीस माणसांना परत बोलाव आणि सांग की ताईचा दोष नव्हता. त्याशिवाय मला झोप लागायची नाही.

मिल्का


दिमोना, १४ ऑगस्ट २०१८

एफ्राइम,

नोगाचा फोन आला होता. म्हणाली, पत्र मिळालं, त्याने दोनदा वाचलं आणि खणात टाकलं. ठीक आहे. वाचत राहा.

आधी मी प्रोस्पेरच्या गॅरेजात गेले. तू त्याला ओळखतोस, कारखान्याच्या मागच्या रस्त्यावर, मोरोक्कोवाला, केस काळे करतो आणि मिशी पांढरीच ठेवतो. पंचवीस वर्षं आमची गाडी त्याच्याकडे जायची. नहूम गेला आणि मी विधवा झाले, तेव्हा सात दिवस तो रोज प्रार्थनेला आला होता. त्याच्या तोंडी प्रत्येकाला "कपारा", आपण "ओवाळून टाकू" म्हणतो तसलं. मलाही म्हणाला, "कपारा, बस, चहा घे." मी तो पट्टा त्याच्या टेबलावर, चहाच्या पेल्यांमध्ये टाकला.

त्याने पट्टा उचलला, उलटा-सुलटा पाहिला आणि खाली ठेवला. "हा पट्टा तुझ्याच गाडीतला कशावरून? गाडी तू बेर शेवाला नेलीस. तिथे कोणी काय काढलं, काय घातलं, मला काय माहीत?" असं म्हणाला तो. माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हता. गॅरेजातली दोन गिऱ्हाइकं ऐकत होती. मी म्हटलं, "प्रोस्पेर, मी तुझं नाक कापीन, तेही सगळ्या गावासमोर." आणि आले. चहा तसाच राहिला.

आता लहान दाव्यांच्या कोर्टात अर्ज दिलाय. तिथे वकील आणू देत नाहीत, ज्याने त्याने आपापलं तोंड वापरायचं, म्हणजे माझ्यासाठी ते ठीकच आहे. हिब्रूत लिहायला शेजारची सेगुला मदतीला होती. तुला आठवत असेल, नगरपालिकेत कारकून होती, तिचं अक्षर टाइप केल्यासारखं आहे. पट्ट्याचे आणि इंजिनाचे पैसे मागितलेत. आणि त्याखाली वेगळा दावा मनस्तापाचा, आईची माती चुकली त्याबद्दल. सेगुला म्हणाली, "पैशांचं मिळेल, मनस्तापाचं सोड." मी म्हटलं, पैशांचं सोड, मला तेच हवंय. कोर्टाने ते एक वाक्य लिहावं, त्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

अर्जात लिहायचं होतं, घरून किती वाजता निघालात. सेगुलाने विचारलं. मी म्हटलं, "सकाळी असं लिही." ती पेन हातात धरून थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग तिने तसं लिहिलं.

आणि एक गोष्ट, तू विषय काढणार नाहीस म्हणून मीच काढते. अकरा वर्षं आई माझ्याकडे होती. तिचं न्हाणं, तिची औषधं, तिची कुरकुर, सगळं मी काढलं. शेवटचं दीड वर्ष ती तुझ्याकडे राहिली, समुद्राची हवा मानवते म्हणून. आणि यंदाच्या सेदेरला, पेसाखच्या रात्रीच्या जेवणाला, भरल्या ताटावर, ती नोगाच्या आईला काय म्हणाली? "एफ्राइमकडेच मला खरं बरं वाटतं." तू हसलास. मी पाहिलं तुला हसताना. मी मूग गिळून बसले. तेव्हापासून आईला मी फोन केला नव्हता, हे खरं आहे. पण त्याचा या पट्ट्याशी संबंध नाही.

मिल्का


दिमोना, १८ सप्टेंबर २०१८, दारफाळणीच्या आदल्या दुपारी

एफ्राइम,

तुला सांगण्यासारखं आहे, म्हणून उपास लागायच्या आत लिहिते.

नवं वर्ष लागतं त्या नव्याच्या सणापासून दारफाळणीच्या उपासापर्यंतचे दहा दिवस माणसं एकमेकांच्या दारी माफी मागत फिरतात. देवाचं देव माफ करतो, पण माणसाचं माणसालाच मागावं लागतं, आणि दारफाळणीच्या आत. प्रोस्पेर धार्मिक माणूस आहे. सणाच्या तिसऱ्या दिवशी तो माझ्या दारात आला. कोर्टाचं बोलावणं त्याला पोचलं होतं, तरी आला. म्हणाला, "मिल्का, वर्षभरात माझ्या हातून तुझं काही चुकलंमाकलं असेल तर माफ कर."

माझ्या डोक्यात तेव्हाच लख्ख उजेड पडला. मी गोड आवाजात म्हटलं, "प्रोस्पेर, 'चुकलंमाकलं' म्हणून चालत नाही. काय केलंस त्याचं नाव घेऊन मागायची असते, तुझे रबायही तेच सांगतील. घरी जा, विचार कर आणि ये." तो मान हलवून गेला. मला माहीत होतं तो येणार.

चार दिवसांनी आला. बायकोने केलेली बदामाची बिस्किटं होती हातात. मी त्याला स्वयंपाकघरात बसवलं. फोन आधीच पोळ्यांच्या डब्यामागे ठेवला होता, रेकॉर्डिंग चालू करून. आणि त्याने सगळं सांगितलं, एफ्राइम. पेसाखच्या आदल्या दिवशी गॅरेजात पाय ठेवायला जागा नव्हती. मागवलेला पट्टा आला नव्हता. बिल सकाळीच छापून झालं होतं. मी डोक्यावर उभी, अश्दोदला सेदेरला जायचंय म्हणून घाई करत होते. त्याने मनात म्हटलं, सण झाला की बोलावून बसवून देऊ, आणि विसरला. "गॅरेजात तू पट्टा टाकलास तेव्हा गिऱ्हाइकांसमोर मला लाज वाटली, म्हणून खोटं बोललो," म्हणाला. "तुझ्या आईचं कळलं तेव्हापासून घशाखाली घास उतरत नाही." डोळे पुसत होता. हात काळे, नखांतलं ग्रीस निघत नाही मिस्त्र्यांचं कधी.

मी म्हटलं, "ऐकलं. माफ करत नाही." बिस्किटं परत दिली.

आज सकाळी तिसऱ्यांदा आला. मी दार उघडलंच नाही, खिडकीतून नाही म्हणून सांगितलं. तो दारापासून मागे होऊन अंगणात आला. मग म्हणाला, "तीनदा आलो, मिल्का. तीनदा मागितली की मागणारा सुटतो, माझं काम झालं. आता यापुढे जे आहे ते तुझ्या डोक्यावर." आणि गेला.

असू दे माझ्या डोक्यावर. मला बरं वाटतंय, खोटं कशाला बोलू. कित्येक महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं. त्याचा आवाज माझ्याकडे आहे, साडेसहा मिनिटं. मी तो तीनदा ऐकला आहे. आता उपासाला बसते. तू आणि नोगा सुखरूप उपास सोडा.

मिल्का


दिमोना, २६ नोव्हेंबर २०१८

एफ्राइम,

गेल्या आठवड्यात सुनावणी झाली. निकाल टपालाने येतो, पण जिंकले आहे मी, तू समजून चल.

न्यायाधीश एक तरुण बाई होती, माझ्या मुलीच्या वयाची, केस कसेतरी वर बांधलेले. प्रोस्पेर शब्बाथचा पांढरा शर्ट घालून आला होता. बाईंनी आधी तडजोडीचं विचारलं. तो लगेच तयार झाला, इंजिनाचे पैसे हप्त्याने देतो म्हणाला. मी म्हटलं, मला तडजोड नको, निकाल हवा. बाईंनी प्रोस्पेरला विचारलं, पट्टा बदलला होता का. त्याने शर्टाच्या बाह्या सारख्या केल्या. मग म्हणाला, कागदपत्रं पाहून सांगतो. तिथे तो माझ्या तावडीत सापडला. मी फोन काढला.

साडेसहा मिनिटं त्या खोलीत दुसरा आवाज नव्हता. टाइप करणारी मुलगी थांबली. प्रोस्पेर स्वतःचाच आवाज ऐकत होता, त्याचं रडणंही आलं त्यात. मागच्या बाकावर आपापल्या पाळीची वाट बघणारी माणसं होती, तीही ऐकत होती. मी त्याच्याकडे बघत होते, नजर हलवली नाही. जे तू मला चाळीस माणसांसमोर केलंस, तेच मी त्याला करत होते, हे मला तेव्हाच कळत होतं, आणि मला ते गोड लागत होतं.

बाईंनी विचारलं, "हे कधीचं आहे?" मी म्हटलं, दारफाळणीच्या आधीचं. "माफी मागायला आले होते?" हो. "किती वेळा?" तीनदा. "तुम्ही माफ केलंत?" नाही. त्यांनी काहीतरी लिहिलं.

मग प्रोस्पेर उठला. खिशातून एक घडी घातलेली पावती काढली. बाईंना म्हणाला, "हा कागद मी दाखवणार नव्हतो. बायको दाखव म्हणाली, मी म्हटलं तिची आई गेली आहे, नको. पण तिने माझं देवासाठी बोललेलं इथे वाजवलं." ती त्या ट्रकवाल्याची पावती होती. त्याच्याकडून मिळवली असणार, दिमोनात सगळे एकमेकांचे कोणी ना कोणी असतात. पावतीवर मी फोन केल्याची वेळ असते. बाईंनी मला दोन-तीन प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. कोर्टात वेळांचा फार कीस काढतात. त्यात काही नाही.

गावात मात्र बोभाटा झाला आहे. माफी मागणाऱ्याचा आवाज कोर्टात वाजवला म्हणून. मोरोक्कोवाले तर सोडाच, आपलेच लोक. शब्बाथला सेगुला माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली नाही, दोन रांगा मागे बसली. पाववाला पैसे हातात न देता काउंटरवर ठेवतो. मला फरक पडत नाही. कागद येऊ दे.

मिल्का


दिमोना, २३ डिसेंबर २०१८

एफ्राइम,

कागद आला. पाकीट गुरुवारीच आलं होतं, लिहायला मला तीन दिवस लागले.

मी जिंकले आहे. पट्टा बदलला नव्हता असं कोर्टाने स्वच्छ लिहिलं आहे. पट्ट्याचे पैसे, इंजिनाचे पैसे, ट्रकचे पैसे, सगळं त्याने द्यायचं. त्याने परवा चेक आणून दारातल्या फटीत सरकवला, बेल वाजवली नाही.

मनस्तापाचा दावा फेटाळला.

आता जे लिहिते ते मी कोर्टात तोंडाने बोलले आहे, तेव्हा तुला लिहायला काय झालं. बाईंनी मला विचारलं होतं, फोन किती वाजता आला. मी म्हटलं, साडेसहा. माती किती वाजता होती. बारा. पावतीवर वेळ अकरा पन्नास आहे, आणि ती जागा घरापासून वीस मिनिटांवर आहे, मग तुम्ही निघालात कधी. मी म्हटलं, साडेअकरा. दिमोनाहून अश्दोदच्या कब्रस्तानाला किती वेळ लागतो, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दीड तास. त्यांनी विचारलं, साडेसहा ते साडेअकरा तुम्ही काय करत होतात. अगदी मऊ आवाजात विचारलं.

मी त्यांना सांगितलं, घरातली कामं. ते खोटं नव्हतं. मी चहा केला. भांडी घासली. गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घातलं. पडदे काढून धुवायला टाकले, एफ्राइम. आई मेली होती आणि मी पडदे धूत होते. मनात एकच चाललं होतं, मरायलाही गेली ती त्याच्याच घरी. आणि असं, की मोठी मुलगी आल्याशिवाय कोण माती घालतोय. थांबतील. थांबू देत. रबाय घड्याळ बघेल, तू घामाघूम होशील, लोक विचारतील मिल्का कुठे, आणि मग मी पोचेन. सगळ्यांना थांबवून ठेवायचं होतं मला. आईला पण. तिने एकदा तरी माझी वाट बघावी असं वाटत होतं.

गाडी बंद पडली तेव्हा त्या पाटीपाशी पहिल्यांदा काय वाटलं, तेही सांगते. सुटले असं वाटलं. आता दोष देता येईल असं कोणीतरी सापडलं होतं. प्रोस्पेरचा मला अजून राग आहे, आणि तो काही एवढ्यात जायचा नाही. तो लबाड बोलला आणि माझं इंजिन गेलं. पण माती मी चुकवली.

निकालाची तीन पानं आहेत; ती वाचून द्यायला सेगुला आली, रागात असली तरी, आणि म्हणाली, पहिली दोन पानंच पाठव, तिसरं भावाला कशाला. आधी मीही तेच ठरवलं होतं. दोन पानांवर सगळं माझ्या बाजूचं आहे आणि पहिल्यावर शिक्काही आहे, तुला पटलं असतं. तू फोन केला असतास, मला माहीत आहे.

ती दोन पानं मी ठेवून घेतली आहेत. तिसरं या पत्रात आहे. हिब्रूत आहे, नोगाही वाचू शकेल, वाचू दे तिला. नववा परिच्छेद बघ. त्या संध्याकाळी तू मला जे म्हणालास तेच तिथे कोर्टाने लिहिलं आहे, फक्त तुझ्यापेक्षा सभ्य शब्दांत.

तुझी ताई,
मिल्का